घरी बनवायचा 100 लिटरचा सोलर बंब

प्रश्न असा आहे: सातारा जिल्ह्यातलं घर, चार माणसं, स्लॅबची गच्ची. ठिबकची 16 मिमीची 100 मीटर काळी लॅटरल गच्चीवर गोल गुंडाळून पाण्याच्या टाकीला जोडली आहे. दुपारी नळाला चटका बसेल असं पाणी येतं, पहाटे मात्र गार. लाकडाचा बंब बंद करून सकाळच्या सगळ्या अंघोळी उरकतील असा हीटर घरी बनवता येईल का, आणि काय काय लागेल?

बनवता येईल. पण आधी लॅटरलचं गणित बघा. 16 मिमीच्या लॅटरलचा आतला व्यास 14 मिमीच्या आसपास असतो, म्हणजे 100 मीटरच्या वेटोळ्यात जेमतेम 15 लिटर पाणी मावतं. तेवढंच तापतं आणि सूर्य मावळला की त्याच नळीतून आकाशाकडे उष्णता टाकत गार होतं. ऊन तुमच्याकडे भरपूर आहे. कमी पडतंय ते तापलेलं पाणी साठवून ठेवणं, आणि साठवायचं तर ते पॅनलमधून टाकीत आपोआप फिरलं पाहिजे. घरगुती हीटर बहुतेक वेळा या फिरण्यातच फसतात, म्हणून पुढे पॅनलइतकाच वेळ मी नळ्यांच्या उतारावर घालवणार आहे.

मोजमाप आधी. चार माणसांना 100 लिटर पाणी 55 ते 60 अंशांचं पुरतं, कारण त्यात तेवढंच गार मिसळून अंघोळीचं 200 लिटर होतं. 20 अंशांचं 100 लिटर पाणी 55 पर्यंत न्यायला साधारण 4.1 युनिट (वीजबिलातलं तेच युनिट) उष्णता लागते. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी दक्षिणेकडे कललेल्या एका चौरस मीटरवर आपल्याकडे साडेपाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. घरी केलेलं पॅनल त्यातलं 35 ते 40 टक्के पाण्यात उतरवतं. म्हणजे 2 चौरस मीटर पॅनल हवं. बाजारातलं एक चपटं पॅनलही एवढंच असतं, तो योगायोग नाही. एक चौरस मीटरवर 100 लिटर ओढायला गेलात तर जानेवारीत पाणी कोमटाच्या पुढे जात नाही.

पॅनलचा सांगाडा तांब्याचाच करा. वर-खाली आडवे दोन हेडर, म्हणजे मुख्य नळ्या, 25 मिमी बाहेरच्या व्यासाचे, प्रत्येकी 1120 मिमी लांब, आणि त्यांच्यामध्ये उभ्या 9 रायझर नळ्या 12.7 मिमीच्या, प्रत्येकी 1.9 मीटरच्या आतबाहेर, 110 मिमी अंतराने. रायझरचं तांबं 17 मीटर होतं. एसीसाठी मिळते ती अर्धा इंची नळी चालते, मात्र गुंडाळीतली घेतली तर ती आधी सरळ करून घ्यावी लागते. पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडी धरली तर दोन्ही हेडर मिळून सगळं तांबं साडेपाच किलोच्या घरात जातं. दुकानदार मीटरचा भाव सांगो की किलोचा, हा आकडा हाताशी ठेवा.

हेडरमध्ये भोकं पाडताना रायझर आत 2-3 मिमीच शिरला पाहिजे. जास्त आत गेला की हेडरमधली वाट अर्धी बुजते आणि कडेच्या रायझरना पाणीच पोचत नाही. जोड कथलाच्या डागाचे नकोत. शिसं-कथलाचा डाग 183 अंशांना वितळतो आणि त्याच्या बराच आधी मऊ पडतो. पाण्याविना उन्हात राहिलेलं काचेचं पॅनल 120-150 अंशांपर्यंत सहज चढतं. शिवाय शिसं वापराच्या पाण्यात कशाला? हे काम फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडून ब्रेझिंगने, म्हणजे जास्त उष्णतेच्या पक्क्या डागाने, करून घ्या. 18 जोड आहेत, अर्ध्या दिवसाचं काम.

सांगाडा झाला की पत्रा लावण्याआधी दाब तपासा. तीन टोकं बुचांनी बंद करा, पाणी भरून हवा काढा, आणि चौथ्या टोकाला हाताने मारायचा फवारणी पंप जोडून 2-3 किलोचा दाब द्या. अर्धा तास तसंच ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. प्रत्यक्षात या पॅनलवर अर्ध्या किलोचाही दाब येणार नाही, पण पत्रा चढल्यावर गळकं भोक सापडत नाही. हवेने दाब देऊ नका. जोड सुटला तर अंगावर येतो.

ऊन झेलायचा पत्रा तांब्याचा महाग पडतो, अर्धा मिमी ॲल्युमिनियम पुरतो. 110 मिमी रुंदीच्या 9 पट्ट्या कापा. दोन लाकडी फळ्यांमध्ये 12 मिमीची सळई ठेवून प्रत्येक पट्टीच्या मध्यावर लांबट खोबण दाबा, म्हणजे पट्टी नळीला निम्म्याहून अधिक कवटाळेल. खोबणीत उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर द्या आणि मागून दर 15 सेंमीवर तांब्याच्या तारेने आवळा. पत्रा नळीवर नुसता टेकवून ठेवला तर तो तापतो, नळी गारच राहते. घरच्या पॅनलमध्ये सर्वात जास्त उष्णता इथे वाया जाते आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडीला ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून पेटी कोरडी राहणं पुढे महत्त्वाचं ठरेल.

रंग मॅट काळा हवा, मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तसला उष्णता सोसणारा. चकाकणारा ऑइल पेंट ऊन परतवतो, आणि तापल्यावर त्याचा धूर काचेच्या आतल्या बाजूला बसतो. कारखान्यातल्या पॅनलवर ऊन शोषणारा पण उष्णता बाहेर न सोडणारा खास थर असतो. तो घरी जमत नाही, आणि वरच्या 35-40 टक्क्यांत ती घट धरलेली आहे.

पेटी आतून, कडांची लोकर सोडून, 1000 × 2000 मिमी, खोली 100 मिमी. तळाला 50 मिमी आणि कडांना 25 मिमी रॉकवुल किंवा ग्लासवुल (दगडाची किंवा काचेची लोकर), त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, मग पत्रा, मग 25 मिमी मोकळी हवा आणि वर काच. इथे थर्मोकोल घालायचा मोह होतो. घालू नका. 80-90 अंशांना तो आकसायला लागतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात काळा पत्रा एका बाजूला लोंबतो. पेटी ॲल्युमिनियम सेक्शनची किंवा 22 गेजच्या जीआय पत्र्याची करा. प्लायवुड वापरायचंच असेल तर मरीन, तेही रंगवून.

काच 4 मिमी टफन्ड घ्या. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून पेटी तयार झाल्यावरच माप द्या आणि चारी बाजूंनी 3-4 मिमी ढील ठेवा. काच घट्ट बसवली तर तापून फुगायला जागा उरत नाही आणि एखाद्या दुपारी ती फुटते. तिचं वजन 20 किलो आहे, दोघांनी उचलायची. बैठकीला काळी ईपीडीएम रबराची पट्टी, बाहेरून सिलिकॉन. पेटीच्या खालच्या कडेला 6 मिमीची दोन भोकं ठेवा. सकाळी काचेच्या आतून दव दिसलं तर घाबरू नका, दहा-अकरापर्यंत जातं. दुपारीही राहिलं तर कुठून तरी पाणी शिरतंय. काच कायमची बसवण्याआधी पेटी दोन दिवस उन्हात तशीच भाजून घ्या. लोकर आणि रंग यांचा धूर तेव्हाच निघून जातो.

टाकी 400 मिमी व्यास आणि 800 मिमी लांबीची, ती बरोबर 100 लिटरची होते. स्टेनलेस स्टील 304, सव्वा ते दीड मिमी पत्रा, आर्गन वेल्डिंग. बोअरचं पाणी खारट असेल तर 304 ला वेल्डिंगच्या कडेने बारीक भोकं पडतात. तिथे 316 घ्या. निळा प्लॅस्टिकचा ड्रम स्वस्त आहे, पण मे महिन्यात पाणी 75 च्या वर गेलं की मऊ पडून जोडांशी गळायला लागतो. भंगारातला जुना गीझर मिळाला तर आतलं भांडं तपासून वापरता येतं, मात्र त्याची तोंडं अर्धा इंची असतात आणि आपल्याला इंची हवीत.

या टाकीचा पृष्ठभाग सव्वा चौरस मीटर भरतो. भोवती 50 मिमी रॉकवुल नीट बसलं असेल तर संध्याकाळी 6 ते सकाळी 8 या वेळात पाणी पाच-सहा अंशांनी उतरतं, नळ्यांमधून जातं ते धरून सात-आठ. 25 मिमी घातलंत तर टाकीची गळती दुप्पट होते. शक्य असेल तर 100 मिमी घाला. इथले पैसे पॅनलवर घातलेल्या पैशांपेक्षा लवकर वसूल होतात. लोकर दाबून बसवू नका, तिची ऊब तिच्यातल्या अडकलेल्या हवेत असते. वरून पत्र्याचं कवच हवंच, कारण भिजलेलं रॉकवुल काही कामाचं नाही. भाताचं तूस भरूनही चालतं, थर 15 सेंमीचा हवा आणि कवचाला उंदीर-मुंगीला फट नको.

आता फिरण्याचं. पंपाशिवाय पाणी फिरतं ते गरम पाणी हलकं असतं म्हणून. 20 अंशांच्या पाण्याचं वजन घनमीटरला 998 किलो, 60 अंशांच्या पाण्याचं 983. फरक दीड टक्क्याचा. म्हणजे एक मीटर उंचीला फार तर 15 मिमी पाण्याच्या उंचीएवढा जोर मिळतो. एवढ्याशा जोरावर सगळं चालायचं असल्याने पॅनल-टाकीमधल्या दोन्ही नळ्या एक इंची घ्या, शक्य तितक्या आखूड ठेवा, काटकोनी एल्बोऐवजी लांब बाक द्या. गार पाणी टाकीच्या तळातून पॅनलच्या खालच्या हेडरला एका बाजूने येईल, गरम पाणी वरच्या हेडरच्या विरुद्ध बाजूने निघून टाकीत तळापासून दोनतृतीयांश उंचीवर शिरेल. दोन्ही जोड एकाच बाजूला दिले तर पलीकडचे रायझर सुस्त पडतात. खालच्या हेडरच्या रिकाम्या टोकाला ड्रेनचा कॉक बसवा, वरच्याला बूच.

गरम नळी पॅनलपासून टाकीपर्यंत सतत चढती हवी. मीटरला 2-3 सेंमी चढ ठेवा, आणि वरचा हेडरही बाहेर पडायच्या टोकाकडे सेंटिमीटरभर वर उचला. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांनी सुटते. वाटेत कुठेही उंटाच्या पाठीसारखा उंचवटा असला की ती तिथे साठते आणि फिरणं थांबतं. 15 मिमीचा जोर त्या हवेच्या गोळ्याला ढकलू शकत नाही. नजरेवर विसंबू नका, गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी लावून बघा.

टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या हेडरपेक्षा किमान 30 सेंमी वर हवा. रात्री पॅनल गार पडतं. टाकी पुरेशी वर असेल तर पॅनल आणि दोन्ही नळ्या गार पाण्याने भरून तशाच पडून राहतात, गरम पाणी वर टाकीत अडकून राहतं. टाकी पॅनलच्या बरोबरीला किंवा खाली ठेवलीत तर चक्र उलटं फिरतं आणि दिवसभर कमावलेली ऊब पॅनल रात्रभर आकाशाला वाटत बसतं.

या उंच्यांची बेरीज आधीच करा, कारण बहुतेक घरांत घोटाळा इथे होतो. पॅनल दक्षिणेला तोंड करून 30 अंश उभं करायचं: साताऱ्याचा अक्षांश 17.7 आहे, त्यात हिवाळ्यासाठी 12 अंश वाढवले. दोन मीटरच्या पॅनलचं वरचं टोक खालच्यापेक्षा एक मीटर वर जातं. पाय 30 सेंमी धरले तर वरचा हेडर 1.3 मीटरवर, टाकीचा तळ 1.6 वर. उभी टाकी 2.4 मीटरपर्यंत जाते, आडवी 2 मीटरपर्यंत. आणि गार पाण्याची टाकी यापेक्षाही 30 सेंमी उंच हवी. गच्चीच्या स्लॅबवरच टेकलेली टाकी इथे चालतच नाही. ती जिन्याच्या खोलीच्या छतावर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पॅनल गच्चीखाली, अंगणात किंवा पडवीच्या छतावर उतरवा; सकाळी 9 ते 4 सावली पडत नसेल तर त्याने पाण्याचं फिरणं सुधारतंच. उभ्या टाकीत गरम-गार थर छान वेगळे राहतात, तरी उंची जमत नसेल तर बिनदिक्कत आडवी घ्या.

टाकीच्या माथ्यावरून एक पाऊण इंची नळी सरळ वर, गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या अर्धा मीटर वर न्या आणि उघडी सोडा, तोंड खाली वळवून जाळी लावा. हा व्हेंट. यावर कॉक, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, बूच काहीही नको. पाणी तापून फुगतं, कधी वाफही होते. तिला वाट बंद केली तर टाकी फुगते किंवा फुटते, आणि जवळ माणूस असेल तर भाजतो. याच कारणासाठी पॅनलच्या दोन्ही नळ्यांना कॉक देऊ नका. फक्त गार बाजूला एक पुरे. दोन बंद कॉकांच्या मध्ये उन्हातलं पॅनल म्हणजे प्रेशर कुकर, तोही शिटीशिवायचा.

गार पाण्याची नळी स्वतंत्र काढा, तिच्यावर संडास किंवा स्वयंपाकघराची फांदी नको. टाकीत शिरण्याआधी ती फूटभर खाली नेऊन पुन्हा वर आणा, म्हणजे गरम पाणी उलटं गार टाकीकडे चढत नाही. टाकीच्या आत तिचं तोंड खाली वळवा; धार वरच्या थरात घुसली तर अर्ध्या अंघोळीतच पाणी कोमट होतं. वापराचं गरम पाणी टाकीच्या माथ्याजवळून घ्या.

पॅनल-टाकीमधल्या नळ्या तांब्याच्या किंवा जीआयच्या. सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंतच चालते, ती टाकीपासून न्हाणीघरापर्यंत वापरा. साधी पांढरी पीव्हीसी कुठेच नको. तांबं आणि जीआय थेट जोडू नका, मध्ये पितळी निपल किंवा युनियन (सुटा करता येणारा जोड) घाला, नाहीतर जीआयचा आटा वर्ष-दोन वर्षांत कुजतो. टाकीपासून खाली न्हाणीघराकडे जाणारी नळी अर्धा इंचीच पुरे: पाऊण इंची 20 मीटर नळीत पाच-सहा लिटर गार पाणी अडकलेलं असतं, सकाळी तेवढं आधी ओतून द्यावं लागतं. नळीवर फोम चढवा आणि उघड्या भागावर वरून कापडी टेप गुंडाळा, नुसता फोम उन्हात दोन वर्षांत भुगा होतो.

भरलेली टाकी स्टँडसकट 130-140 किलो होते. पाय भिंतीवर किंवा बीमवर टेकवा, स्लॅबच्या मध्यावर नको. पॅनलला वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. पुणे परिसरासाठी इमारतींच्या संहितेत वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. त्या वाऱ्याने 2 चौरस मीटरवर 180 किलोच्या आसपास जोर येतो. विटा ठेवून भागत नाही, पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवा किंवा पॅरापेटला अँकर करा. स्लॅबला भोकं पाडू नका, पावसात गळते.

पहिल्यांदा पाणी सकाळी उजाडताच भरा, किंवा पॅनलवर ताडपत्री टाकून. दुपारी तापलेल्या कोरड्या पॅनलमध्ये गार पाणी सोडलं की वाफेचा दणका बसतो आणि जोड उलतात. भरताना व्हेंटमधून हवा निघून जाऊ द्या, आणि पहिले दोन-तीन दिवस गरम नळी हाताने चाचपत राहा.

ती चाचपणी पुढेही कामी येते. दुपारी दोन वाजता पॅनलजवळ नळी चटका देते आणि टाकीजवळ गार असेल, तर हवा अडकली आहे: चढ तपासा. संध्याकाळी टाकी गरम आणि पहाटे गार असेल, तर एका रात्री सूर्यास्ताला पॅनलचा गार कॉक बंद करून बघा, आणि उजाडताच न विसरता उघडा. पाणी गरम राहिलं तर उलटं चक्र चालू आहे. तरीही गार झालं तर आधी मिक्सर नळ बघा. न्हाणीघरातला एखादा मिक्सर आतून झिजला, किंवा हँड शॉवर टोकाशी बंद करून मागचे दोन्ही कॉक उघडे ठेवायची सवय असली, की गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत शिरतं. लोक टाकीचं वेष्टण उकलून बसतात आणि दोष खाली नळात असतो.

दोन-तीन वर्षांनी पाणी हळूहळू कमी तापायला लागलं तर क्षार. जड पाण्याच्या गावात अर्धा इंची रायझरमध्ये आतून पांढरा थर धरतो. गार टाकीकडून येणारं पाणी आणि पॅनलच्या गार बाजूचा कॉक बंद करा, ड्रेनने पाणी उतरू द्या, मग गरम बाजूचं युनियन सोडा, म्हणजे पॅनल टाकीपासून सुटं होतं. ते रिकामं करून 5 टक्के सायट्रिक ॲसिडचं पाणी, म्हणजे 10 लिटरला अर्धा किलो पावडर, बादलीतून छोट्या पंपाने तीन-चार तास फिरवा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. हे काम ताडपत्री टाकून. हार्डवेअरच्या दुकानातलं संडास धुवायचं ॲसिड झटपट काम करतं, पण क्षाराबरोबर पितळ आणि जोडही खातं. काच मात्र आठवड्याला, पहाटे ओल्या फडक्याने. महाबळेश्वरच्या बाजूला वेण्णा तलावाकाठी जसे हिमकण दिसतात तशा रात्री तुमच्याकडे येत असतील, तर त्या आठवड्यात संध्याकाळी गार टाकीकडून येणारं पाणी आणि पॅनलचा कॉक दोन्ही बंद करून पॅनल ड्रेनने रिकामं करा (गरम जोडाच्या वरचं टाकीतलं एकतृतीयांश पाणीही यात उतरतं) आणि उजाडायला भरा. निरभ्र आकाशाखाली पॅनल हवेपेक्षाही गार पडतं आणि बर्फ झाला की तांब्याची नळी उभी चिरते.

खर्चाचं एकच सांगतो. तांबं, टफन्ड काच आणि स्टीलची टाकी सगळं नवं घेतलंत तर बाजारातल्या व्हॅक्युम ट्यूबच्या तयार सिस्टिमपेक्षा हे स्वस्त पडेलच असं नाही. टाकी किंवा तांबं जुनं मिळत असेल आणि ब्रेझिंगवाला ओळखीचा असेल तर जमतं. बंब मोडीत काढू नका. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तो लागणारच. सोलर टाकीत घरच्या घरी हीटरची कॉइल बसवायचा विचार असेल तर थर्मोस्टॅट, अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) यांच्याशिवाय बसवू नका, अंघोळीचं पाणी त्यातूनच येणार आहे.